विरजण लागत नाही

३ नोव्हेंबर १९९७, घाटनांदूर

पोचले एकदाची. परळीला गाडी बदलताना भाऊबीज करून परतणाऱ्यांची इतकी गर्दी की माझी ट्रंक एका म्हाताऱ्याच्या मांडीवर आणि त्याची कोंबडी माझ्या मांडीवर, असा प्रवास झाला. कोंबडी शहाणी होती. नांदेडहून आणलेला चिवडा तिनेच जास्त खाल्ला.

झाडपाल्याचे औषधी अर्क काढायला मला नोकरीवर बोलावणारे बसवराजअप्पा स्टेशनावर स्वतः जीप घेऊन आले होते. परळीत आडत, इथे चाळीस एकर जमीन, एवढा मोठा माणूस. पण माझी ट्रंक त्यांनीच उचलली. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. रस्ताभर एकच चौकशी करत होते, मला तिखट चालतं का. घर गावाबाहेर, शेतात. अंगणापलीकडची कौलारू खोली मला दिली आहे. अप्पांच्या पत्नी महानंदाकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, मग भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही वाढलं. दही इतकं घट्ट की वाटी उपडी केली तरी पडू नये. मी तीन वाट्या खाल्ल्या. काकू हसल्या, पण डोळे पुसत हसल्या. कारण कळलं नाही.

बाबांना पोचल्याचं कळवायचं आहे. आई गेल्यापासून ते माझ्या पत्राची वाट बघत पोस्टमनला चहा पाजतात.

५ नोव्हेंबर

आज अर्क काढायची शेड पाहिली. आत माणसाएवढं बंद भांडं; मी अप्पांना विचारलं की हे कुठून आणलंत. परळीच्या वीजकेंद्रात आयुष्य घालवलेल्या आश्रुबा नावाच्या फिटरकडून त्यांनी ते करून घेतलं आहे. जाड पोलादाचं, पितळी झडपांचं, दाबाच्या काट्याचं. माझ्या विद्यापीठात असं नव्हतं.

पाला नुसता उकळला तर त्यातली निम्मी द्रव्यं पाल्यातच राहतात. म्हणून कारखान्यांत हेक्झेन, क्लोरोफॉर्म असलं काहीतरी वापरतात. अर्क चांगला निघतो, पण वास डोक्यात जातो, नाल्यात सोडलं तर मासे मरतात, आणि औषधात कणभर उरलं तर माणसाच्या पोटात जातं. अप्पांना ते नको आहे. आमच्या भांड्यात फक्त पाणी. त्याला कोंडायचं, वाफ होऊ द्यायची नाही, आणि उकळण्याच्या खूप पुढे तापवायचं. असं कोंडलेलं पाणी तेलासारखं वागायला लागतं, पाल्याच्या आतलं ओढून घेतं. त्यातूनही काही उरलं तर उसाच्या मळीपासून केलेलं अल्कोहोल. शेडमागे मोरी आहे, तिचं पाणी पाटाने विहिरीच्या अंगाने शेतात जातं. जाऊ दे बापडं. त्यात विष काहीच नाही.

शेडच्या मागे, बेलाच्या झाडाखाली एक समाधी आहे. अजून चौथरा बांधलेला नाही, मातीचा उंचवटाच. त्यावर दगडीपाला माजलाय. सगळीकडचा दगडीपाला आता सुकत आलाय. हा मात्र हिरवागार.

१२ नोव्हेंबर

कडुनिंब झाला, करंज झाला, तुळस झाली. काचेच्या बशीत खळीसारखा थर ओतायचा, त्यावर जंतू वाढवायचे, मधोमध अर्कात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची. जंतू मेले तर टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो. आमचे गोल शर्टाच्या बटणाएवढे. वाईट नाहीत. परळीचा धूर गच्चीवरून दिसतो आणि वीज मात्र दुपारभर नसते, त्या मानाने तर छानच.

आज जेवताना अप्पांनी सांगितलं. शेडमागची समाधी ईश्वरीची, त्यांच्या एकुलत्या एका मुलीची. दोन वर्षांपूर्वी आंबेजोगाईच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पावसाळ्यात बांधावर पायात पत्रा घुसला. जखम चिघळली, मांडीपर्यंत चढली. मोठ्या दवाखान्यात नेलं. एकामागून एक इंजेक्शनं बदलली, कशालाच ते जंतू दाद देईनात. शेवटच्या दिवसांत तिला तिचाच वास यायचा. आलेल्यांनी नाकाला पदर लावला की ती तोंड फिरवायची.

हे सांगून अप्पा हात धुवायला उठले ते परत आलेच नाहीत. मग काकू हळू आवाजात म्हणाल्या, "माझा हात धरून म्हनली, आई, मला कुजू देऊ नको. मी म्हनलं, न्हाई देनार."

आमच्याकडे दहन असतं. यांच्याकडे माणसाला मांडी घालून बसवून पुरतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. ईश्वरीला बसवलं तेव्हा काकूंनी तिच्या जखमेभोवती ओंजळी ओंजळी दगडीपाला भरला होता. जखमेवर लावतात तोच. त्यांना दुसरं काय करता येणार होतं.

२० नोव्हेंबर

काय लिहू, इतका आनंद झालाय.

परवा काकू पदरात दगडीपाला घेऊन शेडमध्ये आल्या. समाधीवरचा. म्हणाल्या, हा बघ करून. मी त्यांचं मन राखायचं म्हणून भांड्यात घातला. आज बशी उघडली तर गोल नाही. गोल नाही, कारण सगळी बशीच स्वच्छ. कडेपर्यंत एक जंतू नाही. वेगळे जंतू घेतले, तेच. शंभरपट पाणी घातलं, तेच.

अप्पांनी बशी उजेडाला धरली आणि तशीच धरून राहिले. नंतर म्हणाले की हे तेव्हा असतं तर. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता परवान्यांची कटकट सुटली आहे, मुंबईचा एक निर्यातदार त्यांच्या ओळखीचा आहे. पण अप्पांना आधी हे आपल्या भागातल्या दवाखान्यांत द्यायचं आहे, जिथे पोरी मरतात तिथे. काकूंनी पुरणपोळी केली. मी त्या दोघांकडे बघत होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांना वाढलं असावं.

२८ नोव्हेंबर

रोज एक घाणा काढतेय. समाधीवरचा पाला रतनबाई खुडते. ती इथे कामाला येते, बोलकी बाई. तिचं म्हणणं, खुडलेला पाला दुसऱ्या दिवशी परत तेवढाच असतो.

काकू अर्काचे थेंब रोज पाण्यातून घेतात. अप्पाही. आपण घेतल्याशिवाय दुसऱ्याला कसं द्यायचं, असं अप्पा म्हणतात. मीही चव पाहिली. कडू नाही. कसलीच चव नाही.

मला वेणी घालून द्यायला काकूंना आवडतं. आज घालताना चुकून मला ईश्वरी म्हणाल्या. मी ओ दिली. चुकीचं केलं का?

किरकोळ गंमत, घरात विरजण लागत नाहीये. काकूंनी शेजारच्या वस्तीवरून नवं विरजण आणलं, तरी सकाळी दूध जसंच्या तसं. मी म्हटलं थंडीमुळे असेल.

४ डिसेंबर

थंडीमुळे नाही. दूध पाचव्या दिवशीही दूध आहे. नासलंही नाही. आंबिलीसाठी भिजवलेलं ज्वारीचं पीठ आंबलं नाही. आणि आज गोबरगॅस बंद पडला. अप्पांनी शेगडी तपासली, नळी तपासली, शेवटी टाकीचं झाकण काढलं. आत शेण होतं, कालवलेलं, ओलं. वास नव्हता. शेण शेणासारखं दिसत होतं, एवढंच.

आता काकू चुलीवर स्वयंपाक करतात. म्हणजे माझ्यासाठी करतात. त्या दोघांना भूक लागत नाही.

हे काय झालं आहे ते मला समजतंय असं वाटतं, पण लिहायला नको वाटतं. मोरीतून अर्काचं पाणी विहिरीत झिरपलं असणार. आम्ही सगळे तेच पितो.

९ डिसेंबर

चांदी गाय आठवडाभर रवंथ करत नव्हती. पोट फुगलेलं, टम्म भरलेलं, आणि ती मात्र वाळत चाललेली. ढोरांचे डॉक्टर आले, त्यांना निदान होईना. मला कळत होतं. गाय चारा स्वतः पचवत नाही. तिच्या पोटातले जंतू तो आंबवतात, त्यावर ती जगते. ते मेले की गवताने भरलेल्या पोटाने गाय उपाशी मरते.

चांदी आज दुपारी गेली. काकूंच्या मांडीवर डोकं होतं. शेवटपर्यंत त्या तिला चारा भरवत होत्या आणि तीही बिचारी तोंड उघडत होती. ईश्वरीने तिला वासरू असताना बाटलीने पाजलं होतं म्हणे.

मी भांडं बंद केलं. झडप काढून ठेवली.

१३ डिसेंबर

चांदीला ओढ्याकडेला टाकलं आहे. चार दिवस. वास नाही. माशी नाही. कुत्री लांबूनच वळसा घालून जातात. डोळा ओला आहे अजून.

रतनबाई काम सोडून गेली. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, तुमी बी चला. भ्या वाटतंय मला. कावून राहता हितं?" मी सांगितलं की विहीर उपसायची आहे, सगळं धुऊन काढायचं आहे, मीच केलंय तर मीच निस्तरायला हवं. तिने माझा हात धरला आणि लगेच सोडला. फार गार आहे म्हणाली.

गावात एसटीडी बूथवर जाऊन बाबांना फोन केला. आवाज नीट ठेवला होता, तरी त्यांना कळलं. येतो म्हणाले. मी येऊ नका म्हटलं. पाहुण्यांना म्हणतात तसं वरवर नाही, ओरडून म्हटलं. मग लाइन गेली.

१५ डिसेंबर

विहिरीचं पाणी, अंगणातली माती, भिंतीचा पोपडा, माझी थुंकी. सगळं बशांत ठेवून पाहिलं. दोन दिवसांनी सगळ्या बशा कोऱ्या. मातीत काहीच जगत नाही. माझ्या तोंडातही नाही.

मी तीन दिवस जेवले नाही हे आत्ता लक्षात आलं. जेवावंसं वाटतच नाही. पोटात मागचं तसंच आहे.

संध्याकाळच्या उजेडात काकू समाधीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मला बोलावून मातीवर हात ठेवायला लावला. माणूस पुरला की आतून तो सरतो आणि वरची माती खचते. दरवर्षी तिथे माती भरावी लागते. खचणं थांबलं की मग चौथरा बांधतात. ही माती दोन वर्षांत बोटभरही खचलेली नाही. मी इतके दिवस तिच्याजवळून ये-जा करते. दिसलं नाही.

काकू म्हणाल्या, "गेलीच न्हाई ती."

१७ डिसेंबर

आज भर उन्हात अप्पांनी उकरलं. गडी यायला तयार नव्हते. मी माती ओढत होते. कोरडी, हलकी, राखेसारखी माती.

बसलेली होती. मांडी घालून. गळ्यातली शेवंती पिवळीजर्द. कपाळावर विभूती. गालावर उशीचा वळ असतो तसा एक वळ. एकोणीस वर्षांची पोर. घरातल्या भिंतीवरच्या फोटोतल्यापेक्षा सुंदर आहे.

काकू खाली उतरल्या. तिच्या तोंडावरची माती त्यांनी पदराने पुसली, अगदी शाळेतून आलेल्या मुलीची पुसतात तशी. मग पायाचा पाला बाजूला केला. जखम होती. तशीच. ओली, लाल. बरी नाही झाली. चिघळली नाही. दोन वर्षं तशीच. काकूंचं बोट तिला लागलं आणि पाय

पाय तिने आखडून घेतला.

मी पळाले नाही. पळायला हवं होतं का, माहीत नाही. तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, श्वासच नव्हता तर आवाज कुठला. पण काकूंना कळलं, आई आहे ती. त्यांनी आम्हाला मोठ्याने सांगितलं, "दुखतंय म्हनती."

१८ डिसेंबर

आत्ता समजतंय. जे कुजवतं ते सोडवतंही. त्या पाल्याने तिला कुजू दिलं नाही, म्हणून ती सुटली नाही. दोन वर्षं, अंधारात, मांडी घालून, तोच पाय ठणकतोय. वर आम्ही पुरणपोळी खाल्ली.

काकू तिच्याजवळच बसून आहेत. पाय मांडीवर घेऊन फुंकर घालतात. गाणं म्हणतात. ती ऐकते. डोळे मिटलेले आहेत, पण पापणी हलते.

२० डिसेंबर

मी अप्पांना सांगितलं की तिला जिवंत माती हवी. अप्पा जीप घेऊन कपिलधारला गेले. धबधब्याजवळची, सडलेल्या पानांची काळीभोर माती, पोतीच्या पोती. जीप रस्त्यावर थांबली तेव्हा मी धावत जाऊन पोत्यात तोंड खुपसलं. काय वास होता. ओल, बुरशी, गांडुळं. मी रडले.

बांध ओलांडून आत आणली. वास गेला. गांडुळं हलायची थांबली. पोत्यातच. आम्ही हात लावला होता ना —

अप्पा पोत्यावर बसून राहिले. त्यांच्या छातीला कान लावला मी. ऐकू आलं, पण फार हळू. फार लांब.

२१ डिसेंबर

मी विस्तवाचं बोलले.

अप्पा अंगावर आले. लिंगायताच्या पोरीला आग? सात पिढ्यांत नाही. मग पाया पडले माझ्या. दुसरं काही सांग म्हणाले. तू शिकलेली आहेस, दुसरं काही सांग.

नाही माझ्याकडे दुसरं काही.

काकूंनी खड्ड्यातून ऐकलं. वर आल्या. मी लिहिते ते त्यांचेच शब्द आहेत, "आगीत कोनी कुजत न्हाई. माझं वचन बी राहतंय."

२२ डिसेंबर

सकाळी. बेलाच्या झाडाखाली. लाकडं अप्पांनी रचली, त्यांना दाखवावंच लागलं नाही. काकूंनी तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले. माझी वेणी घालतात तशीच वेणी घातली. तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं.

अप्पांचा हात उठेना. काकूंनीच लावली.

पोर ओरडली नाही. तोंड आमच्याकडे होतं. धुरात एकदा वाटलं, ताण सुटल्यावर चेहरा होतो तसा — मी तेवढंच धरून ठेवणार आहे. तेवढंच.

नंतर पाला सुकायला लागला. समाधीवरचा. डोळ्यांदेखत. काकू हात जोडून म्हणाल्या, गेली माझी बाई, गेली.

२३ डिसेंबर

गेली. पण आमच्यात जे आहे ते —

दूध अजून दूधच. सकाळी फुलपात्रात बघितलं.

काकू राखेजवळ बसल्या आहेत. अप्पा शेजारी. दोघांनी हात धरलेत. मी कान लावला. काकूंच्या छातीत काही नाही. अप्पांच्यात नाही. थांबलंय. तरी काकूंनी मान वळवली आणि विचारलं, जेवलीस का?

हो म्हटलं.

माझी नाडी सापडत नाही. मनगटावर नाही. गळ्यावर — थोडी होती सकाळी.

२४ डिसेंबर

दुखत नाही मला काही. हे बरं आहे. ईश्वरीचं दुखत होतं. काकूंचं दुखतं, ते पायात नाही.

कुणी आलं तर शिवू नये. शिवलं की त्याच्यातलं पण — दारावर कोळशाने लिहिलंय. आत येऊ नका. कडी लावली.

दुपार

जीपचा रस्ता. कुणीतरी पायी येतंय. पिशवी आहे. चाल —

बाबा.

मी ओरडले खिडकीतून. परत जा म्हटलं. आवाज निघत नाही नीट, श्वास घ्यायची आठवण ठेवावी लागते. त्यांना वाटतं मी आजारी आहे. दार उघड बाळा म्हणतात. रडतायत. ढकलतायत. बाबा नका. तुमचं दुखेल, कायमचं. मला धराल तुम्ही, सोडणार नाही, मला माहीत आहे, आईला पण सोडलं नव्हतं —

कडी वाकली. टेबल लावते

हात आत आलाय फटीतून. त्यांचा हात. माझ्या केसांवर